गोड पाण्याचे क्षार

यंदाही चैत्र सरता सरता गल्लीतल्या खिडक्यांना कूलर लागले. भर दुपारी अमरावतीच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पण कान दिला तर घराघरांतून पाणी ठिबकताना ऐकू येतं आणि ओल्या वाळ्याचा वास उन्हात तरंगत असतो. त्या वासानं लोकांना हायसं वाटतं. मला गेल्या उन्हाळ्यापासून वाटत नाही. वास आला की मागच्या खोलीतली लाल प्लास्टिकची खुर्ची दिसते आणि तिच्यात माझा थोरला भाऊ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पाण्याच्या बारीक धारेकडे बघत बसलेला. दादा आहे अजून. हे लिहितो आहे तेव्हा तो पुढच्या खोलीत पडला आहे. पण गेल्या उन्हाळ्यानं आम्हा दोघांमध्ये जे उकरून ठेवलं, ते अजून बुजलेलं नाही.

माझं दुकान जुन्या विजेच्या मोटारींचं आणि पंपांचं. घेताना भाव पाडायचा, विकताना धरून ठेवायचा, एवढ्या विद्येवर मी हे घर बांधलं. तोंड फटकळ, डोकं तापट, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. पण मागच्या खोलीतलं मशीन माझ्या धंद्याचं नाही. ते मी जोडजोड करून हौसेनं बनवलं. कॉम्प्युटर सांगेल तशी लाकडावर नक्षी कोरणारं, ज्याला सीएनसी म्हणतात ते. सागवानाच्या फळीवर कमळ उमलायला लागलं की मी जेवायला उठत नाही. त्या फळ्या मी कुणाला विकत नाही. भाव विचारला तरी चिडतो.

कोरायची हत्यारं ज्या मोटरीला लागतात तिला स्पिंडल म्हणतात. मुठीत मावणार नाही एवढं जाड नळकांडं, मिक्सरपेक्षा जोरात फिरतं आणि फिरता फिरता तापतं. म्हणून त्याच्या अंगातून पाणी खेळवावं लागतं. डोक्यावर दोन तोट्या असतात. एकीतून गार पाणी आत, दुसरीतून गरम पाणी बाहेर. पाणी थांबलं तर आतली तारेची वेटोळी जळतात आणि मशीन संपतं. हिवाळ्यात हे काम बादलीभर पाण्यावर निभतं. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात निभत नाही.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर दादा माझ्याकडे आला. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. रिटायर झाल्यावर केलेलं घर अकोल्यात, डॉक्टर अमरावतीचा, आणि वहिनी जाऊन बरीच वर्षं झालेली. माझी बायको सुनंदा म्हणाली, "भाऊजीले इकडंच आणा. हप्त्यातून तीनदा या उन्हात येष्टीनं हेलपाटे मारतीन काय ते?" मी आणला. दिवसाआड त्याला दवाखान्यात न्यायचं, मशीनला जोडायचं, रक्त बाहेर काढून धुऊन परत आत घालायचं, आणि संध्याकाळी पिळून टाकल्यासारखा झालेला माणूस घरी आणायचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कायमचा उपाय एकच. जवळच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणी तरी एक किडनी द्यायची. दादाची एकुलती मुलगी तयार होती. दादा तिच्यावर फोनवरच ओरडला, "तुह्यं लेकरू अंगावर पिऊन राहिलं अन् तू मले हे सांगून राहिली?" तिचा विषय तिथंच मिटला. मग उरलो मी. माझा रक्तगट दादाचाच. हे डॉक्टरांना माहीत, सुनंदाला माहीत, दादालाही माहीत. घरात जेवणं व्हायची, चहा व्हायचा, पेपर वाचला जायचा, आणि या एका गोष्टीच्या कडेकडेनं सगळे चालत असायचे. दादा मला विचारत नव्हता. त्यानं विचारल्याशिवाय मी बोलणार नव्हतो.

काहून, ते सांगतो. मी सातवी पास झालो तेव्हा दादा मॅट्रिकला होता. बाप म्हणाला, घरातून एकच पोरगा शिकेल. मी पहिला आलो होतो, दादा कधीच आला नव्हता. तरी शाळा त्याच्या वाट्याला गेली आणि मला अमरावतीला मोटार वाइंडिंगच्या दुकानात ठेवलं. बापाचा मला राग नाही, त्याची मती तेवढीच. राग दादाचा. बाप बोलत होता तेव्हा दादा शेजारी बसून खाटेची सुतळी नखानं उसवत होता. "गजालेबी शिकवा," एवढं त्याला म्हणता आलं असतं. तो मास्तर झाला, गावाजवळच्याच शाळेत राहिला, गावानं त्याला गुरुजी गुरुजी म्हटलं. त्याच्या तोंडून मला एकच वाक्य हवं होतं, की गजा, तुझ्यावर अन्याय झाला. ते मिळालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन झोपलो असतो. हे वाचून कुणाला किळस येईल. येऊ द्या. मी आयुष्यभर देण्याघेण्यात वावरलेला माणूस आहे, फुकट दिलेल्या वस्तूची कुणी किंमत करत नाही हे मी बघितलेलं आहे.

तर अशा घरात मी पाण्याच्या मागे लागलो. खरं सांगायचं तर मला मागच्या खोलीत जाऊन बसायला कारण हवं होतं. पहिल्यांदा बादली भरली, तिच्यात कूलरचा छोटा पंप सोडला, एक नळी स्पिंडलला आणि दुसरी परत बादलीत. पंप बैठकीतल्या कूलरचा काढला.

"दुकानात पंपाचा ढीग लागला अन् तुमाले माह्याच कूलरचा पंप दिसला?" सुनंदा दारात उभी राहून म्हणाली.

"दुकानातले विकाचे हायेत."

"मंग मलेबी विका. गिऱ्हाईक पाहून ठेवा."

दादा खुर्चीत बसून हसला. "सुनंदा, त्याच्या भावात तुले कोणी घेणार नाई," तो म्हणाला. त्या उन्हाळ्यात आम्ही तिघं एकदम हसलो ते एवढंच मला आठवतं.

सकाळी बादली गार असायची. उन्हं चढली की तेच पाणी आंघोळीचं व्हायचं. मग मी ठरवलं, गाडीचा जुना रेडिएटर आणायचा आणि त्यावर पंखा मारायचा. दादालाही अकोल्याच्या घरातून पेन्शनचे कागद आणि कपडे आणायचे होते. दोघं गाडीनं निघालो. मूर्तिजापूर मागे पडलं की उजव्या हाताला काळी शेतं उघडी पडलेली असतात आणि कुठं कुठं मातीवर पांढरट साय धरलेली दिसते. दादा ती बघत होता. मी रस्ता बघत होतो.

अकोल्यात भंगारबाजारात माझा जुना ओळखीचा सलीमभाई आहे. मला बघितलं की तो आधी हात जोडतो आणि मग भांडायला बसतो.

"आइए गजाननभाऊ, आज किसका गला काटने आए?"

मी एक रेडिएटर पायानं उलटवला. "या डब्याचं काय घेतं?"

"डब्बा? अरे, ये तो गाडी का कलेजा है!" एवढ्यात त्याचं लक्ष सावलीला उभ्या असलेल्या दादाकडे गेलं. "ये बड़े भाई ना? सूरत एकदम मिलती है. पर चेहरा काहे को सूज गया इनका?"

"किडनी," दादा म्हणाला.

"या अल्ला. एक?"

"दोन्ही."

सलीमभाईनं माझ्याकडे पाहिलं, रेडिएटरकडे पाहिलं आणि वातावरण हलकं करावं म्हणून बिचारा हसत म्हणाला, "तो भाऊ, तुम्हारे पास तो जोड़ी है. एक दे दो ना बड़े भाई को. हमारे यहाँ तो एक-एक पुर्जे के लिए जान खाते हो."

तिथं एक माणूस घणानं इंजिन फोडत होता. दादानं टोपी नीट केली. "चाल गजा," तो म्हणाला, "ऊन वाढून राहिलं." मी सलीमभाईनं सांगितला तो भाव देऊन रेडिएटर उचलला. एक रुपयाही कमी करून मागितला नाही. सलीमभाई घाबरून गाडीपर्यंत आला. "भाऊ, नाराज हुए क्या? तबीयत तो ठीक है?"

परतीच्या वाटेवर दादा डोळे मिटून होता. झोपला नव्हता, झोपलेल्या माणसाची मान डुलते. मला वाटलं, आता विचारेल. सलीमनं दार उघडून दिलं आहे, आता नुसतं आत यायचं आहे. बडनेऱ्याचे दिवे दिसले तेव्हा तो म्हणाला, "सुनंदाले फोन कर. भाकर टाकून ठेव म्हणा." मी एवढ्या जोरानं गिअर टाकला की तो खरखरला.

रेडिएटरनं काही साधलं नाही. मे महिन्यातली हवाच एवढी तापलेली असते की पंखा तीच तापलेली हवा मारणार. पाणी हवेपेक्षा गार करायचं तर त्यातलं थोडं पाणी उडून जावं लागतं, माठातून झिरपून उडतं तसं. हे सुचलं आणि मी एक अख्खा कूलरच मशीनच्या शेजारी आणून ठेवला. स्पिंडलमधून आलेलं गरम पाणी कूलरच्या ताट्यांवर सोडलं. वाळ्यातून ते ठिबकत खाली यायचं, पंख्याच्या वाऱ्यानं थोडं उडायचं, उरलेलं गार होऊन टाकीत पडायचं आणि पुन्हा स्पिंडलकडे जायचं. उडालं तेवढं पाणी रोज वरून भरायचं. भर दुपारी, बाहेर कुत्री नालीत जाऊन पडत असताना, माझ्या स्पिंडलवर हात ठेवला तर गार लागायचा. मला एवढा आनंद झाला की मी दादाला हाताला धरून उठवलं आणि त्याचा तळवा त्या लोखंडावर टेकवला.

पाणी आमच्या बोरिंगचं. हौशी मशीनवाल्यांचा मोबाईलवर एक गट आहे. त्यात कुणी तरी लिहिलं होतं की नळाचं, बोरिंगचं पाणी घालू नका, बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घाला. मी त्याला उलट लिहिलं, की आमच्या बोरिंगचं पाणी तुमच्या बाटलीपेक्षा गोड आहे, या प्यायला. हे मी गर्वानं लिहिलं, आणि का लिहिलं ते खारपाण पट्ट्यात जन्मलेल्या माणसालाच कळेल. आमचं गाव दर्यापूरकडचं. विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाहुणा पहिला घोट घेऊन आपल्या तोंडाकडे बघतो. आम्हा लोकांची पाण्याची परीक्षा एकच, जीभ. खारं नसलं की गोड, आणि गोड म्हणजे चांगलं. हे घर बांधताना बोरिंगला पाणी लागलं तेव्हा मी ओंजळभर तोंडात घेतलं होतं आणि माझे डोळे भरून आले होते.

दादाचं पाणी मापाचं. दिवसभराचं एका स्टीलच्या लोट्यात काढून ठेवलेलं, औषधाच्या गोळ्याही त्यातच. अशा माणसानं वऱ्हाडातला उन्हाळा कसा काढायचा? ओठांना चिरा पडायच्या. तो येऊन त्या लाल खुर्चीत बसायचा आणि परत येणाऱ्या नळीतून ताट्यांवर पडणारी धार बघायचा. "आवाज आयकला तरी पोटात गेल्यासारखं वाटते," म्हणायचा. मी फळ्या कोरायचा, तो धार बघायचा. मधून मधून वाटायचं, असंच राहिलं तरी काय वाईट आहे. मग त्याच्या पायावरची सूज दिसायची.

एक दिवस तो म्हणाला, "गजा, धार बारीक झाली."

"मास्तर, तू फळा पाय. धार मी पायतो."

"बारीक झाली म्हणतो ना बे. पहिले पार मधल्या पट्टीवर पडे. आता कडेले पडून राहिली."

मी तिकडे मान वळवली नाही. मला शिकवणारा माणूस आवडत नाही, आणि तो तर मुळीच नाही. पुढं एका दुपारी स्पिंडलचा सूर बदलला. आधी किणकिण, मग किंचाळी, मग जळक्या वार्निशचा वास. मी बटण दाबेपर्यंत कमळाच्या मधोमध काळा डाग पडला होता.

तोट्या काढल्या तर आतून दगड निघाला. पांढरा, कडक, आतल्या वाटेला चहूकडून धरलेला, मधे सुई जाईल एवढं भोक. पंपाच्या पात्यांवर तोच थर, ताट्यांच्या काड्यांवर तोच. पाणी उडून जात होतं. क्षार उडत नव्हते. मी रोज वरून नवं पाणी ओतत होतो, म्हणजे रोज नवे क्षार ओतत होतो. ज्याच्या गावात उन्हाळ्यात शेताला पांढरी साय धरते, त्या माणसाला हे समजू नये?

दादानं एक खपली नखानं काढून जिभेवर ठेवली. "खारं नाई लागत," तो म्हणाला. "हे गोड पाण्याचं, अन् एका उन्हाळ्यातलं. आपल्या विहिरीचं मी जलमभर पेलो."

"डॉक्टर म्हणते पाण्यानंच झालं असं नाई सांगता येत. बीपीनंबी होते."

"डॉक्टर म्हणते ते खरंच असंल." तो खपली तळहातावर उलटसुलट करत होता. "पण तू लहानपणीच गेला तिथून. वाचला."

तो हे कौतुकानं म्हणाला. माझ्या डोक्यात आग गेली. हातातला पाना मी भिंतीवर फेकला. "गेलो? मी गेलो? मले पाठवलं होतं!"

सुनंदा धावत आली. दादा खुर्चीतून हलला नाही.

"हो," तो म्हणाला. "पाठवलं. माह्यासाठी पाठवलं. मले तवाच माईत होतं, अन् मी चूप बसलो."

इतकी वर्षं ज्या वाक्यासाठी मी दात धरून बसलो होतो ते असं, मातेरं झालेल्या मशीनपाशी, घामाच्या वासात आलं. मला वाटलं होतं, ते आलं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. उलट आतून दुसरंच काही तरी बाहेर पडलं. "मंग घे ना एक माही!" मी ओरडलो. "काहून विचारत नाई? रोज वाट पाहून राहिलो. घे!"

"नाई."

"काहून?"

"तुह्या वाटचं एकडाव घेतलं ना. आता नाई घेत."

त्यानं मला हवं होतं ते दिलं आणि त्याच हातानं दार लावून घेतलं. मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. घेताना तोच मोठा होता. आता नाकारतानाही तोच मोठा. मी लहानपणापासून धाकटाच.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. बापानं मला शाळेतून काढलं नसतं तर मीही तेच पाणी पीत राहिलो असतो. मग माझ्यावर झालेल्या अन्यायानंच माझ्या किडन्या राखल्या काय? तसं असेल तर राग कुणावर धरू? आणि तसं नसेल, डॉक्टर म्हणतात तसं नुसतं नशीब असेल, तर ते आणखीनच वाईट. मला हिशेब जुळलेला आवडतो. हा कुठूनच जुळत नाही.

स्पिंडल मी पुन्हा उभा केला. आतला दगड ॲसिडनं विरघळवला, जळकी वेटोळी नव्यानं भरली, बेअरिंग बदललं. नवी रचना दादानंच सुचवली, फुरंगटून बसलेल्या माझ्याकडे न बघता, भिंतीला सांगितल्यासारखी. "माह्या दवाखान्याच्या मशीनमंधी रक्त अन् पाणी एकमेकाले शिवत नाई. मधात पडदा असते. तुह्यंबी दोन पाणी वेगळं ठेव." मी तांब्याच्या नळीचं वेटोळं करून कूलरच्या टाकीत बुडवलं. वेटोळ्याच्या आत बॅटरीचं शुद्ध पाणी, तेच फिरत राहतं, उडत नाही. बाहेर बोरिंगचं, ते उडतं, क्षार सोडतं, सोडू दे. यंदाच्या उन्हाळ्यात ते बिनतक्रार चाललं आहे.

आणि वर्षभर मी दादाच्या मागे लागलो आहे. सकाळी चहाला, दवाखान्यात, गाडीत. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याचा भाव खाली ओढला तो मी, फुकट देतो म्हणून विनवण्या करतो आणि गिऱ्हाईक ढिम्म. दुकानाच्या कामाला जातो म्हणून सांगून मी माझ्या पहिल्या तपासण्याही करून आलो. डॉक्टर म्हणाले, आतापर्यंत तरी ठीक दिसतं आहे, तुमचे भाऊ हो म्हणाले तर पुढच्या करू. मी ते दादाच्या तोंडावर आपटलं. तो म्हणाला, "बरं हाये ना मंग. सांभाळ." दर वेळी तो नाही म्हणतो, दर वेळी मी तणतणत दुकानात जातो आणि दिवसभर मला आपण फार चांगले माणूस असल्यासारखं वाटतं.

परवा दुपारी मशीन चालू होतं. दवाखान्यातून आल्यावर दादाला चक्कर आली होती, पहिल्यांदाच तो दारात कोसळता कोसळता राहिला होता. तो खुर्चीत येऊन बसला. पाण्याकडे पाहिलं नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता.

"गजा," तो म्हणाला, "देणाऱ्याले किती दिस पडून राहा लागते बे?"

नको नको म्हणणारं गिऱ्हाईक ज्या घडीला विचारतं की हे माझ्या गाडीत मावेल काय, त्या घडीला सौदा झालेला असतो. हे माझ्याएवढं कुणाला कळतं? वर्षभर मी याच घडीसाठी झटलो. आणि आता कमरेच्या वर, बरगडीखाली, जिथं आपल्याला काही आहे हे मला आजवर जाणवलं नव्हतं, तिथं काही तरी जड होऊन बसलं. वर्षभर मी देतो देतो म्हणत होतो ते तो नाही म्हणणार या भरवशावर तर नव्हे?

"कायचे दिस," मी म्हणालो. "हप्ताभर. मंग थोडं जपाचं, अन् मंग दुकान." आवाज नेहमीसारखा निघाला.

दादानं मान हलवली. स्वयंपाकघरात सुनंदा भांडी घासत होती, तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. तिकडे बघत तो हळू म्हणाला, "तिले विचारलं?"

मी विचारलं नव्हतं.